पारख्याची जबाबदारी

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडांगणांवर वसंत ऋतूत, विशेषतः शुक्रवारी सायंकाळी, एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. बेसबॉलचा सामना चालू असतो. मैदानाच्या मध्यभागी किंचित उंचवट्यावर वीस-एकवीस वर्षांचा एक तरुण चेंडू घेऊन उभा असतो. हाच पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्यासमोर ६० फूट ६ इंचांवर फलंदाजाची जागा असते. तरुण हात मागे नेतो आणि त्याच क्षणी फलंदाजाच्या पाठीमागे, जाळीपलीकडील आसनांवर बसलेली काही माणसे पिस्तुलाच्या आकाराची यंत्रे एकदम उचलून त्याच्यावर रोखतात. चेंडू सुटतो, यंत्रावर एक आकडा उमटतो, माणसे तो वहीत टिपून घेतात आणि यंत्रे पुन्हा मांडीवर येतात. सामना कोण जिंकते याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. त्यांचे सारे लक्ष त्या एका उजव्या हाताकडे लागलेले असते.

ही माणसे म्हणजे धंदेवाईक संघांनी पगार देऊन नेमलेले पारखी होत. तिकडे त्यांना स्काउट म्हणतात. बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत आज ३० संघ आहेत आणि दरवर्षी नव्या खेळाडूंची आपसांत वाटणी करून घेण्याची त्यांची एक पद्धती आहे. ड्राफ्ट या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती १९६५ साली सुरू झाली. प्रत्येक संघ आपली पाळी आली की एका तरुणाचे नाव उच्चारतो. नाव उच्चारले गेले की त्या तरुणाला त्या हंगामात दुसऱ्या कोणत्याही संघाशी करार करता येत नाही. त्याने त्या संघाची चाकरी पत्करावी, नाही तर पुढील निवडीची वाट पाहावी. अग्रभागी निवडल्या जाणाऱ्यास लक्षावधी डॉलर मिळतात, शेवटच्या फेऱ्यांत निवडल्या जाणाऱ्यास त्या मानाने अगदी थोडे. ही सारी किंमत ठरते ती पारख्यांच्या वहीतील टिपणांवरून.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांना या परकीय खेळाचे काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मला या व्यवहारात रस वाटतो तो खेळासाठी नव्हे. एका मनुष्याने दुसऱ्या मनुष्याच्या भवितव्याचे मोल ठरवणे ही गोष्ट आपल्या सर्व जीवनात पसरलेली आहे. विद्यार्थ्याची परीक्षा, उमेदवाराची निवड, शिष्यवृत्तीचा निर्णय, इतकेच काय, वधूवरांची पाहणीसुद्धा याच जातीची. फरक इतकाच की आपण हे व्यवहार सभ्यतेच्या पडद्याआड उरकतो, आणि त्या मैदानावर ते दिवाबत्तीच्या लख्ख प्रकाशात चालतात. म्हणून प्रश्न तेथे अधिक स्पष्ट दिसतो. तो प्रश्न असा: जो दुसऱ्याच्या होणाऱ्या कर्तृत्वाची पारख करतो, त्याचे त्या पारखल्या जाणाऱ्या मनुष्याविषयी काही कर्तव्य आहे की नाही?

प्रथम पारख्याची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. वेग मोजणारे हे यंत्र पाहून पुष्कळांच्या मनात तिटकारा उत्पन्न होतो; बैलबाजारात दात मोजावेत तसे हे, असे त्यांना वाटते. परंतु यंत्रापूर्वीचा काळ काही सत्ययुग नव्हता. जुने पारखी डोळ्यांवर विसंबत आणि डोळा हा फार पक्षपाती साक्षीदार आहे. तरुण उंच आहे काय, त्याची चालण्याची ढब खेळाडूची आहे काय, हे पाहिले जाई. त्यांच्या बोलण्यात 'चांगला चेहरा' असा एक शब्दप्रयोगही रूढ होता! याहून घोर गोष्ट म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ त्या श्रेणीत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन याने ब्रुकलिनच्या संघातून ती भिंत ओलांडली. सॅचेल पेज याच्यासारखा असामान्य पिचर १९४८ साली त्या श्रेणीत प्रथम खेळला तेव्हा त्याचे वय ४२ वर्षांचे होते. त्याची गोलंदाजी पारख्यांनी पाहिली नव्हती असे थोडेच आहे? पाहिली होती, पण जे दिसले ते कागदावर उतरवण्याची त्या समाजाची तयारी नव्हती.

१९७४ च्या सुमारास मिशिगन स्टेट विद्यापीठातील बेसबॉलचे शिक्षक डॅनी लिटव्हायलर यांच्या लक्षात आले की, मोटारींचा वेग मोजण्यासाठी पोलीस जे यंत्र वापरतात त्याने चेंडूचाही वेग मोजता येईल. त्यांच्या खटपटीने ते यंत्र या खेळात आले. यंत्राला वर्ण कळत नाही, कुल कळत नाही, शिफारसपत्र वाचता येत नाही. आडगावच्या एखाद्या अज्ञात मुलाने ताशी ९५ मैलांनी चेंडू फेकला तर यंत्र ९५ च दाखवते. ज्या देशात वशिल्याचा सुळसुळाट आहे तेथील माणसाने तरी या निःपक्षपातीपणाला नाक मुरडू नये. मापन हे अन्यायाचे साधन होण्यापूर्वी पुष्कळदा न्यायाचे साधन असते.

मग दोष कोठे आहे? तो पाहण्यासाठी पारख्याची वही थोडी उघडली पाहिजे. तीत २० ते ८० अशी एक श्रेणी असते. ५० म्हणजे सर्वोच्च श्रेणीतील सामान्य खेळाडूची पातळी. वेगवान चेंडू, वळणारा चेंडू, अचूकपणा अशा प्रत्येक गुणाला अंक दिला जातो. आणि येथेच मौज आहे, एकाच गुणाला दोन अंक दिले जातात. एक आजचा आणि एक उद्याचा. आजचा अंक हे निरीक्षण आहे, उद्याचा अंक हे भाकीत आहे. पण दोन्ही अंक एकाच शाईने, एकाच रकान्याशेजारी लिहिले जातात आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोघांची प्रतिष्ठा सारखीच होऊन बसते. वेगाचे यंत्र आजच्या अंकापुरते प्रमाण आहे. उद्याविषयी ते काहीच सांगत नाही. तथापि त्याच्या अचूकपणाचे तेज त्या शेजारच्या भाकितावरही पडते आणि पारख्याला स्वतःलाच वाटू लागते की आपण भविष्यही मोजले.

स्टीव्ह डाल्कोव्स्की याची हकीकत या बाबतीत उद्बोधक आहे. बाल्टिमोरच्या संघाने १९५७ साली त्याला करारबद्ध केले. ज्यांनी त्याला चेंडू फेकताना पाहिले त्यांच्यापैकी पुष्कळांचे मत, याहून वेगवान पिचर झालाच नाही असे होते. पण चेंडू कोठे जाईल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसे. १९६० साली कनिष्ठ श्रेणीत खेळताना १७० डावांत त्याने २६२ फलंदाजांना बाद केले आणि बरोबर तितक्याच, म्हणजे २६२, फलंदाजांना दिशाहीन चेंडूंमुळे फुकटची चाल दिली. १९६२ मध्ये त्याच्यात सुधारणा दिसू लागली. १९६३ च्या वसंतात त्याचे कोपर दुखावले. सर्वोच्च श्रेणीत तो एकही सामना खेळला नाही. पुढील आयुष्य शेतमजुरीत आणि मद्यपानात गेले. २०२० साली तो वारला. त्याच्या वेगाविषयी कोणाची चूक झाली नव्हती. वेग होताच. चूक झाली असेल तर ती एवढीच की एका गुणाच्या झगझगाटात बाकीचा मनुष्य फार दिवस कोणी नीट पाहिला नाही.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. स्टीफन स्ट्रासबर्ग हा कॅलिफोर्नियातील शाळकरी पिचर २००६ साली निवडीस पात्र झाला. त्या वर्षी ५० फेऱ्या होऊन सुमारे १५०० तरुणांची नावे पुकारली गेली. त्यांत त्याचे नाव नव्हते. अंगाने स्थूल, दमसास कमी, व्यायामाची हेळसांड. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात गेल्यावर तेथील व्यायामशिक्षकाने त्याच्या आळसावरून त्याच्या नावाचा चेष्टेने अपभ्रंशही करून टाकला. तो चिडला असेल, खचला असेल. पण त्याने शरीर कमावले. तीन वर्षांनी त्याचा चेंडू ताशी १०० मैलांच्या वर जाऊ लागला आणि २००९ साली तोच तरुण सबंध देशात पहिला निवडला गेला. वॉशिंग्टनच्या संघाने त्याच्याशी १ कोटी ५१ लाख डॉलरांचा करार केला. निवडलेल्या खेळाडूला तोवर इतकी रक्कम कधी मिळाली नव्हती.

तर मग २००६ सालचे पारखी चुकले काय? मला तसे म्हणवत नाही. त्यांनी जो स्थूल व आळशी मुलगा पाहिला तो खरोखरच तसा होता. त्यांच्या दृष्टीस जे पडले नाही ते असे होते की, हा मुलगा अपमानाने मोडणारा नसून बदलणारा आहे. ही गोष्ट कोणत्या यंत्राने मोजावी? ती तेव्हा त्या मुलालाही ठाऊक नसावी. मनुष्याचे काही गुण प्रसंग येईपर्यंत अस्तित्वातच नसतात. प्रसंगच त्यांना जन्म देतो. म्हणून मनुष्याविषयीचे कोणतेही भाकीत अपुरे राहते, आणि त्याचे कारण पारख्याचे अज्ञान एवढेच नव्हे. ज्या वस्तूचे मोल करायचे ती वस्तूच अद्यापि पुरी घडलेली नसते.

आपल्याकडे पारखीला कसोटीची उपमा देण्याचा प्रघात आहे. सोन्याचा कस दगडावर उतरतो, तशी गुणांची परीक्षा, असे आपण म्हणतो. पण ही उपमा एका महत्त्वाच्या ठिकाणी लंगडी पडते. कसोटीवर घासल्याने सोन्याचा कस बदलत नाही. मनुष्य मात्र परीक्षेने बदलतो. आपले काय मोजले जात आहे हे कळले की तो तेवढेच वाढवू लागतो. वेग मोजतात हे कळताच अमेरिकेतील चौदा-पंधरा वर्षांची मुले वेगाच्या मागे लागली. सर्वोच्च श्रेणीतील वेगवान चेंडूची सरासरी २००८ साली ताशी सुमारे ९१ मैल होती. २०२४ साली ती ९४ वर गेली.

या वाढीची किंमत शरीराने दिली आहे. क्रिकेटमधील गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर झटक्याने सरळ करण्याची मनाई असते. पिचरचा सारा वेग खांदा आणि कोपर यांच्या झटक्यातूनच निघतो. कोपराच्या आतल्या अंगाला एक आखूड अस्थिबंध आहे, त्यावर प्रत्येक फेकीबरोबर इतका ताण येतो की शेवटी तो तुटण्याचे भय असते. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातातील दुसरा स्नायुबंध काढून कोपरात बसवण्याची शस्त्रक्रिया केली. जॉन १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि विद्यापीठातील, किंबहुना शाळेतील, मुलांवरही करावी लागते. खुद्द सर्वोच्च श्रेणीच्या चालकांनी डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला; वेगाचा ध्यास आणि प्रत्येक चेंडू सर्व शक्तीनिशी फेकण्याची रीत ही त्यात प्रमुख कारणांत गणली आहेत. म्हणजे जे मापन केवळ साक्षीदार म्हणून आले, ते हळूहळू शिक्षक होऊन बसले. ज्याने मोजले, त्याच्याकडे या परिणामाचा काही वाटा येतो की नाही?

स्ट्रासबर्गचेही तेच झाले. ८ जून २०१० रोजी पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाज बाद केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोपराचा तो अस्थिबंध तुटला आणि सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. २०१२ साली त्याचा संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असताना चालकांनी, हाताला आता अधिक श्रम नकोत, असे म्हणून त्याला सप्टेंबरातच बसवून ठेवले. संघ पुढे हरला आणि त्या निर्णयावर मोठा वाद माजला. तो निर्णय तरुणावरील ममतेने झाला की मौल्यवान मालमत्तेच्या काळजीने, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही हेतू एकमेकांत मिसळले असावेत. २०१९ साली त्याच संघाने अंतिम मालिका जिंकली आणि त्या मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू स्ट्रासबर्ग ठरला. लगेच त्याच्याशी सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलरांचा करार झाला. त्यानंतर तो अवघे आठ सामने खेळू शकला आणि २०२४ साली निवृत्त झाला. त्याच्या वहीतील 'उद्याचा अंक' बरोबर ठरला की चूक? २०१० साली विचारले असते तर एक उत्तर आले असते, २०१९ साली दुसरे, २०२४ साली तिसरे.

मार्क अपेल या दुसऱ्या तरुणाची कथा याहून निराळी आहे आणि मला ती अधिक मननीय वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील हा वेगवान पिचर २०१२ साली आठवा निवडला गेला. पिट्सबर्गच्या संघाने देऊ केलेले ३८ लाख डॉलर नाकारून तो विद्यापीठात परतला आणि २०१३ साली ह्यूस्टनच्या संघाने त्याला सर्वांत पहिला निवडला. एवढे मोल झाल्यावर पुढे काय व्हायचे ते जणू ठरूनच गेले होते. पण अपयशामागून अपयश येत गेले, दुखणी आली आणि २०१८ साली त्याने खेळ सोडला. जगाने त्याच्यावर विफलतेचा शिक्का मारला. २०२१ मध्ये तो परत आला आणि जून २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या संघाकडून सर्वोच्च श्रेणीत प्रथम खेळला. त्या हंगामात त्याला मोजकेच सामने मिळाले. ज्याच्याविषयी कोणीच भाकीत केले नव्हते असा खेळाडू एवढे करता तर लोकांनी त्याच्या चिकाटीचे कौतुक केले असते. अपेलला ते कौतुक मिळण्यापूर्वी इतरांनी वर्तवलेल्या भविष्याची परतफेड करावी लागली. कमी लेखल्याने मनुष्य दुखावतो हे आपण जाणतो. फाजील मोल लावल्यानेही तो ऋणात बुडतो, आणि ते ऋण त्याने स्वतः काढलेले नसते.

येथे या व्यवहारातील खरी विषमता उघड होते. संघ दरवर्षी कितीतरी तरुण निवडतो. त्यांतील बहुतेक सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोचणार नाहीत हे त्याने आधीच हिशेबात धरलेले असते. दहांतील नऊ बुडाले आणि एक तरला तरी व्यापार साधतो. संघाच्या दृष्टीने चूक ही सरासरीतील एक बाब आहे. पण त्या नऊ जणांपैकी कोणालाही नऊ आयुष्ये नाहीत. ज्याला जगायचे आहे तो सरासरीने जगू शकत नाही. एकाच आकड्याचा अर्थ जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे इतका भिन्न असतो, आणि ही भिन्नता विसरणे हाच पारख्याचा मुख्य नैतिक अपराध होय. तो चुकला यात अपराध नाही. चुकणार हे ठरलेलेच आहे. आपली चूक दुसऱ्याच्या खर्चाने होते हे त्याने मनात न आणणे, हा अपराध आहे.

यावर कोणी म्हणेल, मग पारख करूच नये. हा उपाय दिसायला उदार, पण वस्तुतः भ्याडपणाचा आहे. जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिती असेपर्यंत निवड होणारच. जाणत्याने ती करण्याचे नाकारले तर वशिला करील, नाही तर चिठ्ठी करील. निवड करावीच लागते. ती कोणत्या वृत्तीने करावी एवढाच प्रश्न उरतो.

महाभारतातील एक प्रसंग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. द्रोणाचार्यांनी झाडावर कृत्रिम पक्षी ठेवला आणि शिष्यांस एकेक करून विचारले, तुला काय दिसते? इतरांना झाड दिसले, गुरू दिसले, भाऊ दिसले. अर्जुनाला लक्ष्यावाचून काही दिसेना. या गोष्टीवरून एकाग्रतेचा बोध आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. पण त्या प्रसंगी आणखी एक व्यक्ती पाहत होती, ती म्हणजे द्रोण. धनुर्धराला लक्ष्याखेरीज काही दिसू नये हा त्याचा गुण. परीक्षकाला मात्र झाड, फांदी, आकाश आणि नेम धरणारा हात, सारे दिसले पाहिजे. शिष्याचा गुण गुरूच्या ठिकाणी आला की तो दोष होतो. जाळीमागे बसून केवळ आकडा पाहणारा पारखी स्वतःला अर्जुन समजतो. त्याची जागा द्रोणाची आहे हे तो विसरतो. आणि द्रोणाची जागा सोपी नव्हती. एका शिष्याच्या लौकिकासाठी दुसऱ्याचा अंगठा मागण्याची पाळी त्याच जागेवर बसून आली.

गेली पंचवीस-तीस वर्षे मीही अशाच एका जाळीमागे बसत आलो आहे. दरवर्षी पाच-पंचवीस शिफारसपत्रे लिहायची. हा 'असामान्य', तो 'होतकरू', हा 'साधारण'. माझ्याही पत्रांत आजचा अंक आणि उद्याचा अंक एकाच शाईने लिहिलेले असतात. या लेखासाठी विचार करीत असताना एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला सुखाची वाटली नाही. ज्यांना मी 'असामान्य' म्हटले त्यांचे पुढे काय झाले हे मला बहुतेक ठाऊक आहे, कारण ते भेटतात, पत्रे लिहितात, त्यांच्या यशात माझ्या पारखीचा गौरव असतो. ज्यांना 'साधारण' म्हटले त्यांच्यापैकी एकाचीही चौकशी मी कधी केली नाही. त्यांच्यात एखादा स्ट्रासबर्ग नव्हताच असे मी कशावरून म्हणू? आणि ज्या 'असामान्यां'चे पुढे काही झाले नाही, ते मला टाळत असतील तर माझ्या त्या एका शब्दाच्या ऋणापायी तर नव्हे?

पारखी सर्वज्ञ असावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याने इतके मात्र अवश्य करावे: जे पाहिले ते आणि जे वर्तवले ते यांची सरमिसळ करू नये, एकदा नाकारलेल्याकडे पुन्हा एकदा पाहण्यास लाजू नये, आणि निकाल लिहून वही मिटल्यावर त्या मनुष्याशी आपला संबंध संपला असे समजू नये. मैदानावरील माणसे यंत्रे मिटून निघून जातात तेव्हा तो तरुण अजून उंचवट्यावरच उभा असतो. पुढचा चेंडू त्याला टाकायचा असतो, आणि तो कितव्या चेंडूपर्यंत टाकू शकेल हे त्या वहीत कोठेही लिहिलेले नसते.